मेस्सीच्या यादीत आपला छेत्री : ९५ गोलांचा खरा हिशोब

(तालुका प्रतिनिधी)

आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागं एक फोटो फिरत होता. एका बाजूला मेस्सी, एका बाजूला रोनाल्डो आणि मधे आपला सुनील छेत्री. खाली लिहिलेलं, 'जगातला चौथा सर्वात मोठा गोलवीर, प्रत्येक भारतीयाने पुढे पाठवा.' लगेच एका पोरानं उत्तर टाकलं, 'नेपाळ-मालदीवला गोल मारून कुणी मेस्सी होतं का?' मग दोन दिवस ग्रुपवर तेच. उसाची बिलं कधी जमा होणार हा विषयसुद्धा मागं पडला. म्हटलं, या भांडणात दोन्ही बाजूंनी अर्धवट माहितीवर बोललं जातंय. एकदा सगळा हिशोब नीट मांडू.

आपला जिल्हा फुटबॉलचा म्हणून ओळखला जातो खरा, पण ते कोल्हापूर शहरात. तालमींचे संघ, शाहू स्टेडियम, पेठापेठांमधली ईर्ष्या हे सगळं तिकडं. आमच्या तालुक्यात अजून कबड्डी, कुस्ती आणि टेनिस बॉलचं क्रिकेट. त्यामुळं आधी साधी गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कळायला सोपं जाईल.

आंतरराष्ट्रीय गोल म्हणजे काय? देशाच्या मुख्य संघाकडून, दुसऱ्या देशाच्या मुख्य संघाविरुद्ध, अधिकृत सामन्यात मारलेला गोल. क्लबकडून मारलेले गोल यात येत नाहीत. आयएसएलमधले गोल वेगळे, मोहन बागान किंवा बेंगळुरूकडून मारलेले वेगळे. वयोगटाच्या संघाकडून मारलेले गोलही धरत नाहीत. चालू सामन्यातली पेनल्टी धरतात, पण सामना बरोबरीत सुटल्यावर निकालासाठी ज्या पेनल्टी मारतात त्या धरत नाहीत. जुन्या काळातले कुठले सामने अधिकृत मानायचे यावर मतभेद आहेत, म्हणून बायचुंग भुतिया किंवा विजयन यांचे आकडे एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरे दिसतात. छेत्रीचा आकडा ९५. भारताकडून त्याच्या आसपाससुद्धा दुसरा कुणी नाही, आणि जगात पुरुषांच्या फुटबॉलमध्ये त्याच्या पुढं तिघेच : रोनाल्डो, मेस्सी आणि इराणचा अली दाई. त्या तिघांनी शंभरी ओलांडलेली आहे. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा आकडा खोटा नव्हता. त्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, हा खरा प्रश्न.

क्वेट्टामधली पहिली मॅच

सुनीलचा जन्म ३ ऑगस्ट १९८४ चा, सिकंदराबादचा. वडील लष्करात, त्यामुळं बदल्यांवर बदल्या आणि दरवेळी नवी शाळा. वडील स्वतः लष्कराकडून फुटबॉल खेळायचे. आई आणि मावशी या जुळ्या बहिणी, दोघी नेपाळच्या महिला संघाकडून खेळलेल्या. आई ज्या देशाकडून खेळली त्याच नेपाळविरुद्ध पुढं पोरानं गोलांची रांग लावली, ही गंमतच म्हणायची. २००२ मध्ये मोहन बागाननं त्याला घेतलं तेव्हा तो १८ वर्षांचाही नव्हता.

देशाकडून पहिली मॅच १२ जून २००५ ला, तीही पाकिस्तानात, क्वेट्टाला. प्रशिक्षक सुखविंदर सिंग यांनी त्याला सांगितलं की आज तू खेळणार. हाती आलेल्या जर्सीवर त्यानं आधी अत्तराचा फवारा मारला, असं त्यानंच पुढं निवृत्तीच्या व्हिडिओत सांगितलं. विसाव्या वर्षी, परक्या मैदानावर, दुसऱ्या हाफमध्ये त्यानं गोल केला. शेवटच्या दहा मिनिटांत पाकिस्ताननं बरोबरी केली आणि सामना १-१ सुटला. पहिल्याच मॅचला गोल झाला पण जिंकता आलं नाही. पुढच्या वीस वर्षांत हे बऱ्याचदा घडलं.

सुरुवातीला तो काही संघाचा मुख्य माणूस नव्हता. पुढं भुतिया असायचा आणि छेत्री त्याच्या जोडीला. २००७ च्या नेहरू कपमध्ये कंबोडियाला ६-० हरवलं त्यात याचे दोन गोल, आणि त्या वर्षी भारतानं सीरियाला हरवून कप घेतला. पण तो खरा लोकांच्या नजरेत भरला तो १३ ऑगस्ट २००८ ला. दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर एएफसी चॅलेंज कपची फायनल होती, समोर ताजिकिस्तान. भारत ४-१ नं जिंकला. छेत्रीचे तीन, भुतियाचा एक.

आता कुणी म्हणेल ताजिकिस्तान म्हणजे काय मोठी गोष्ट. पण त्या विजयानं काय मिळालं ते बघा. ती स्पर्धा जिंकणाऱ्याला आशिया कपमध्ये थेट प्रवेश होता. १९८४ नंतर भारत त्या मोठ्या स्पर्धेत गेलाच नव्हता. म्हणजे छेत्री ज्या वर्षी जन्मला त्याच वर्षी भारत शेवटचा तिथं खेळला होता, आणि २७ वर्षांनी, २०११ ला, परत गेला तो याच्या हॅट्ट्रिकवर. माझ्या मते ९५ पैकी सर्वात किमती गोल हेच तीन.

पुण्यातली हॅट्ट्रिक

आपल्या महाराष्ट्रातल्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे, पण छेत्रीची दुसरी आंतरराष्ट्रीय हॅट्ट्रिक आपल्या पुण्यात झाली. ८ ऑक्टोबर २०१०, बालेवाडीचं मैदान, समोर व्हिएतनाम. भारत ३-१ नं जिंकला आणि तिन्ही गोल छेत्रीचे. व्हिएतनामचा संघ तेव्हा कच्चा नव्हता, त्यांनी २००७ च्या आशिया कपमध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठली होती. पण त्याच दिवसांत दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा चालू होती, आणि क्रिकेटमध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ आलेला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ती बातमी मला अक्षरशः शोधावी लागली. तेव्हा मी बातमीदारी करत नव्हतो, नुसता वाचणारा होतो, पण ते डोक्यात राहिलं.

मग जानेवारी २०११ ला कतारमध्ये आशिया कप झाला. तिथं ऑस्ट्रेलियानं ४-०, बहरीननं ५-२ आणि दक्षिण कोरियानं ४-१ असं धुतलं. तीन सामन्यांत तेरा गोल खाल्ले, आपले झाले तीन. त्यातले दोन छेत्रीचे, एक बहरीनविरुद्ध आणि एक कोरियाविरुद्ध पेनल्टीवर. त्याच वर्षाच्या शेवटी दिल्लीत सॅफ स्पर्धा झाली, त्यात त्यानं सात गोल केले. एकाच सॅफ स्पर्धेत विजयनच्या नावावर सहा गोल होते, तो विक्रम मोडला. फायनलला अफगाणिस्तानला ४-० हरवलं.

एका वर्षाचे हे दोन हिशोब शेजारी शेजारी ठेवले की व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पोराच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. शेजारच्या देशांसमोर सात गोल, आशियातल्या बड्या संघांसमोर दोन. हे खरंच आहे, लपवायचं कारण नाही.

मधली वर्षं पटापट सांगतो. तो कधी अमेरिकेत कान्सास सिटीच्या क्लबकडं गेला, कधी पोर्तुगालच्या स्पोर्टिंगच्या दुसऱ्या संघाकडं. तिथं फार खेळायला मिळालं नाही. त्याआधी गोव्याच्या डेम्पोकडून आणि पुढं मुंबई सिटीकडूनही तो खेळला. आयएसएलमध्ये भारतीय खेळाडूची पहिली हॅट्ट्रिक त्यानं २०१५ ला मुंबईकडूनच केली, पण ती या ९५ मध्ये नाही, हे वर सांगितलंच. त्याच २०१५ च्या मार्चला भारत फिफा क्रमवारीत १७३ व्या नंबरला गेला होता. आपल्या फुटबॉलचा तो तळ. तिथनं २०१७ च्या जुलैत ९६ व्या नंबरपर्यंत संघ वर आला. या चढणीत छेत्रीचे दोन गोल मला आठवतात. मार्च २०१७ ला म्यानमारमध्ये, मॅच संपायला आली असताना ९० व्या मिनिटाला मारलेला एकमेव गोल. आणि जूनमध्ये बेंगळुरूला किर्गिझस्तानविरुद्ध, मैदानाच्या मध्यापासून बॉल घेऊन पळत, जेजेबरोबर देवाणघेवाण करून मारलेला, तोही सामन्यातला एकमेव. दोन्ही वेळा १-०. असे गोल यादीत एकेकच दिसतात, पण त्यांच्यावर आशिया कपचं तिकीट ठरलं.

मुंबईतले २,५६९ प्रेक्षक

हा भाग जरा सविस्तर सांगायला पाहिजे, कारण तो आपल्या राज्यात घडला.

१ जून २०१८, अंधेरीचं फुटबॉल मैदान. इंटरकॉन्टिनेंटल कपची पहिली मॅच, समोर चायनीज तैपेई. भारत ५-० नं जिंकला, छेत्रीची तिसरी हॅट्ट्रिक. आणि प्रेक्षक किती? २,५६९. आमच्या गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांना याच्यापेक्षा जास्त माणूस असतं. जिंकून बाहेर आलेला कॅप्टन दुसऱ्या दिवशी मोबाईलवर व्हिडिओ करून लोकांसमोर आला आणि हात जोडल्यासारखं बोलला : आम्हाला शिव्या घाला, टीका करा, पण ती मैदानात येऊन करा. युरोपातल्या क्लबांचे चाहते असाल तर आमचा दर्जा तसा नाही हे मान्य, पण तुमचा वेळ वाया जाणार नाही एवढं बघू.

४ जूनला केनियाविरुद्ध त्याची शंभरावी मॅच होती. पाऊस पडत होता आणि तिकिटं संपली होती. त्या पावसात त्यानं दोन गोल मारले, भारत ३-० नं जिंकला. पुढं न्यूझीलंडकडनं १-२ हरलो, त्यातला आपला एक गोल त्याचाच. १० जूनच्या फायनलला परत केनिया, २-०, दोन्ही गोल छेत्रीचे. त्या स्पर्धेत भारताचे अकरा गोल झाले, त्यातले आठ एकट्याचे. त्या दिवशी तो गोलांच्या आकड्यात मेस्सीच्या बरोबरीला पोचला आणि हे नाव पहिल्यांदा खेड्यापाड्यातल्या मोबाईलवर आलं. आमच्या ग्रुपवर फिरणाऱ्या फोटोची सुरुवात बहुतेक तिथनंच.

अकरापैकी आठ. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं कामाला येतो.

पेले, मेस्सी आणि बाकीचे

६ जानेवारी २०१९, अबू धाबी. आशिया कपची पहिली मॅच थायलंडशी. पहिला गोल पेनल्टीवर, दुसरा हाफ सुरू झाल्या झाल्या दुसरा. भारत ४-१ नं जिंकला. आशिया कपमधला तो भारताचा १९६४ नंतरचा पहिला विजय. छेत्रीचे ६७ गोल झाले, मेस्सी तेव्हा ६५ वर होता. पण पुढच्या मॅचला यूएईकडनं ०-२ आणि बहरीनकडनं शेवटच्या क्षणी पेनल्टीवर ०-१ हरून संघ बाहेर पडला. बहरीनशी बरोबरी जरी राहिली असती तरी पुढची फेरी होती.

२०२१ ला मालदीवमध्ये सॅफ स्पर्धा झाली. तिथं नेपाळविरुद्धच्या गोलनं पेलेच्या ७७ ची बरोबरी, पुढच्या मॅचला मालदीवविरुद्ध दोन मारून पेलेच्या पुढं, आणि फायनलला नेपाळविरुद्ध ८० वा. इथं एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, कारण फोटो पाठवणारे ती सांगत नाहीत. पेलेनं ७७ गोल ९२ सामन्यांत केले आणि त्यातले बारा वर्ल्ड कपमध्ये. भारत फुटबॉलच्या वर्ल्ड कपला आजवर खेळलेला नाही, त्यामुळं छेत्रीच्या यादीत वर्ल्ड कपचा एकही गोल नाही. छेत्री स्वतः कधी या लोकांशी आपली तुलना करत नाही. विचारलं की मेस्सीचा चाहता आहे म्हणून सांगतो आणि विषय संपवतो.

२०२३ च्या जूनमध्ये बेंगळुरूला पाकिस्तानविरुद्ध चौथी हॅट्ट्रिक झाली. पहिला गोल त्यांच्या गोलकीपरची चूक पकडून मारलेला, बाकी दोन पेनल्टी. त्या दिवशी ९० झाले, मलेशियाच्या मोख्तार दहारीला मागं टाकून आशियात फक्त अली दाईच्या मागं. त्याच महिन्यात भुवनेश्वरला वानुआतूविरुद्ध उशिरा गोल केल्यावर त्यानं बॉल जर्सीखाली घातला होता आणि गॅलरीतल्या बायकोकडं बघून हात उंचावला होता. घरात बाळ येणार ही बातमी देशाला तशी कळली.

पुरस्कारांची यादी मोठी आहे, तीनच सांगतो. अर्जुन २०११, पद्मश्री २०१९, आणि २०२१ ला खेलरत्न. खेलरत्न मिळालेला तो पहिला फुटबॉलपटू. फिफानं २०२२ मध्ये त्याच्यावर तीन भागांची मालिकासुद्धा काढली.

मग टीका करणारा पोरगा चुकला का?

अर्धा चुकला. मी असं बघतो. आमच्याकडं एकाच्या रानात एकरी नव्वद टन ऊस निघतो, दुसऱ्याच्या माळरानावर पन्नास. टनाला टन लावून बघितलं तर पहिला मोठा शेतकरी. पण जमीन आणि पाणी कुणाला काय होतं, हे बघायला नको का? मेस्सीच्या मागं जगातले सर्वात चांगले पास देणारे खेळाडू होते. छेत्री ज्या संघात खेळला तो कधी १७३ वा, कधी ९६ वा. उंची पाच फूट सात इंचाच्या आसपास, तरी उंच बचावपटूंच्या मधे उडी मारून डोक्यानं गोल करायचा. बॉल कुठं पडणार हे त्याला आधी कळायचं. समोरचे संघ कमकुवत होते हे बरोबर, पण तेच संघ भारताला अडवायचे. आणि त्या संघांविरुद्ध बाकीच्या भारतीय खेळाडूंनाही तेवढीच संधी होती. त्यांचे नव्वद गोल कुठं आहेत?

याची दुसरी बाजू जास्त काळजीची आहे. अकरातले आठ गोल एकच माणूस मारत असेल तर बाकी संघाला गोल मारायची सवयच लागत नाही. आपल्या क्लबांमधे पुढच्या जागेवर बहुतेक परदेशी खेळाडू असतात, भारतीय पोरगा बाजूला नाहीतर बाकावर. जानेवारी २०२४ च्या आशिया कपमध्ये भारत तिन्ही सामने हरला आणि एकही गोल करू शकला नाही, छेत्री संघात असूनसुद्धा. तो तेव्हा ३९ वर्षांचा होता.

त्याच वर्षी २६ मार्चला गुवाहाटीत त्याची १५० वी मॅच, अफगाणिस्तानशी. पेनल्टीवर त्यानं गोल केला, तो ९४ वा. तरी भारत १-२ नं हरला. मे महिन्यात त्यानं व्हिडिओ टाकून निवृत्ती जाहीर केली आणि ६ जूनला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर कुवेतविरुद्ध शेवटचा म्हणून उतरला. स्टेडियम भरलेलं, पन्नास हजारांच्या वर माणूस. सहा वर्षांपूर्वी मुंबईत अडीच हजार होते ते आठवा. सामना ०-० सुटला. १५१ सामने, ९४ गोल, असा हिशोब बंद झाला असं सगळ्यांना वाटलं.

झाला नाही. २०२४ या पूर्ण वर्षात भारत एकही मॅच जिंकला नाही. इकडं छेत्री आयएसएलमध्ये बेंगळुरूकडून खेळतच होता आणि त्या हंगामात सर्वाधिक गोल करणारा भारतीय तोच होता, चाळिसाव्या वर्षी. प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी त्याला परत बोलावलं. खेड्यात असं होतं ना, थोरल्यानं कारभार धाकट्याच्या हातात दिला आणि पुढच्याच सुगीला परत त्यालाच बैलजोडी धरावी लागली, तसंच झालं. लोकांना आनंद झाला. मला वाईटही वाटलं.

१९ मार्च २०२५, शिलाँग, मालदीवशी मैत्रीपूर्ण सामना. पहिला गोल आपल्या मुंबईच्या राहुल भेकेनं डोक्यानं केला, दुसरा गोव्याच्या लिस्टन कोलासोनं, तोही डोक्यानं. ७६ व्या मिनिटाला तिसरा छेत्रीचा, परत डोक्यानंच. ९५. नोव्हेंबर २०२३ नंतर भारत जिंकलेली ती पहिली मॅच.

त्यानंतर त्याला देशाकडून गोल करता आला नाही. बांगलादेशशी ०-० बरोबरी झाली, हाँगकाँगकडनं ०-१ हरलो. १४ ऑक्टोबर २०२५ ला गोव्यात मडगावला सिंगापूरविरुद्ध आपण एक गोलनं पुढं असताना १-२ नं हरलो आणि २०२७ च्या आशिया कपचा रस्ता बंद झाला. आपला तो एक गोल छांगटेचा होता. त्यानंतर काही दिवसांनी छेत्रीनं दुसऱ्यांदा निवृत्ती घेतली.

आमच्या ग्रुपवर हा लेख टाकणार आहे. ज्या पोरानं मालदीवचा टोमणा मारला, तो रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानावर दोन दगड ठेवून गोल करतो आणि फुटबॉलच खेळतो. त्याला माझं एवढंच विचारणं आहे, की शिलाँगचा तो तिसरा गोल बघितलास का. नसेल बघितला तर यूट्यूबवर आहे, रेंज आली की बघ.